सारिकाच्या एजंटाची गैरहजेरी

“नुसती चप्पल बघून मी माणसाचा स्वभाव, गाव आणि कालचं जेवण सांगतो,” असं डिटेक्टिव्ह हर्षद उतेकर स्वतःबद्दल सांगत. गेल्या जत्रेत त्यांची स्वतःची चप्पल देवळाबाहेरून गेली, तिचा तपास अजून चालू होता; पण ते असो. महाडच्या एसटी स्टँडसमोर त्यांची भलीमोठी पाटी होती : ‘येथे गुप्तपणे तपास करून मिळेल.’

काशीराम त्यांचा मेव्हणा. वीर स्टेशनला रिक्षा चालवून सुखात होता बिचारा. एक दिवस बहीण म्हणाली, “ह्यांना एकट्याला सोडू नको रे,” आणि काशीरामची रिक्षा गुन्हेगारी जगतात शिरली.

त्या थंडीत ती रिक्षा आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत येऊन थांबली. केस सारिकाची होती. मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीतली ही पोर साहेबांशी भांडून, परवानगी मिळवून गावी आली होती आणि घरूनच काम करत होती.

“आमचा सर्व्हर म्हणजे मुकादम समजा,” ओटीवर लॅपटॉप उघडून तिनं सांगितलं. “कुणी प्रोग्राममध्ये बदल केला की तो काम वाटतो. प्रोग्राम जोडून तपासायचं काम दुसरी मशीनं करतात, त्यांना बिल्ड एजंट म्हणतात. असा एक एजंट मी आत कोठीच्या खोलीत जोडलाय. संध्याकाळी हजर असतो, पहाटे बघावं तर गायब! साहेब म्हणाले, आज कारण कळलं नाही तर सोमवारपासून मुंबईत ऑफिसला यायचं.”

“एजंट म्हटलं की आयत्या वेळी गायब होणारच,” हर्षदराव म्हणाले. “आमचा विमेवाला बघ.”

“आत येऊन मशीन बघता का?”

“छे! घटनास्थळ सर्वांत शेवटी. आधी बघितलं की उगाच मत बनतं.”

सारिकाची आई, प्रयागबाई, दह्याच्या वाट्या घेऊन आली. “खावा. थंडीचं वाडीत कुनाकडं दही लागत नाय, आमच्याकडं बघा कसं लागतंय.”

दही खरंच कवडी होतं. हर्षदरावांनी डोळे मिटले आणि त्यांची बुद्धी चालू लागली.

“यात बिरवाडी गावाचा हात आहे.”

“बिरवाडीचा का?” सारिकानं विचारलं.

“माझ्या प्रत्येक केसमध्ये असतो. किंवा मग परदेशी हॅकर! महाबळेश्वरला मुक्काम, रात्री घाट उतरायचा, एजंट फोडायचा, उजाडायच्या आत स्ट्रॉबेरी खायला परत वर.”

“हॅकरला घाट उतरावा लागत नाही हो, भाऊ,” सारिका म्हणाली.

“म्हणूनच आजवर कुणाला संशय आला नाही!”

तेवढ्यात ओटीवरून मांजर गेलं. हर्षदराव ताडकन उठले. “धरा! मिशीला पांढरं लागलंय. चोर आहे हा!” काशीरामनं दाजींच्या मिशीकडे बघितलं. तिथंही पांढरं लागलं होतं, पण त्यानं मांजरालाच हुसकावलं. बहिणीचा संसार होता.

लॅपटॉपवर एकदम लाल खूण उमटली. “गेला! आता भरदिवसा गेला!” सारिका आत धावली, तर हर्षदराव दारात हात पसरून उभे. “खबरदार! कशाला हात लावायचा नाही. आधी विचार करू.”

सारिकाचे डोळे भरून आले. “मला नाही जायचं हो परत मुंबईला.” काशीरामला फार वाईट वाटलं आणि दाजींचा मनापासून राग आला.

दाजींनी मात्र रिकामी वाटी पुढं केली. “विचाराला अजून थोडं दही लागेल.”

“थांबा वाईच,” प्रयागबाई म्हणाली. “तुमच्यासाठी सकाळीच दुसरं लावलंय. मशीनवरनं काढून आनते.”

“कशावरनं?” सारिका ओरडली.

“तुझ्या त्या पेटीवरनं गो. लय ऊब असते तिला. चुलीच्या वैलावर ठेवलं तर मांजर तोंड घालतंय, म्हनून कोठीत ठेवते, वर घोंगडी टाकते. रोज तू निजलीस की ठेवते नि उजाडायच्या आत काढते.”

आत मशीन घोंगडीखाली गुदमरून बंद पडलं होतं. हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. वर टोपात दही झकास लागलेलं.

“आई, अगं याच्यामुळंच मला परत जावं लागणार होतं!”

प्रयागबाई कळवळली. “तूच बोललीस ना गो, मुंबईत घरचं दही नाय मिळत. म्हटलं, दह्यासाठी तरी माझी पोर हितं राहील.”

सारिकानं हसत-रडत आईला मिठी मारली. “मांजर!” हर्षदराव मागून गरजले. “मी म्हणालो नव्हतो?” त्यांचं कुणी ऐकलं नाही, म्हणून ते टोप घेऊन ओटीवर गेले.

घोंगडी निघाली, मशीन निवलं, पुन्हा सुरू झालं. लॅपटॉपवर हिरवी खूण उमटली : एजंट हजर. सारिकानं साहेबांना फोन लावून स्पीकर चालू केला.

“कारण काय निघालं?”

“दही, सर.”

साहेबांनी तिच्याकडून ‘दही’ पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाले, “पुरावा आहे? वर कळवावं लागतं. फोटो पाठव.”

सारिका टोपाकडं वळली. टोप चाटूनपुसून लख्ख झाला होता आणि हर्षदराव मिशी पुसत होते. काशीरामनं पुढं होऊन फोनमध्ये सांगितलं, “साहेब, पुरावा आमच्या दाजींच्या पोटात हाय. सोमवारी सारिकाच्या जागी ह्यांनाच हापिसात पाठवू का?”

“नको, नको!” साहेब घाईघाईनं म्हणाले. “सारिका, तू तिथंच राहा.”