ताईच्या पाखराचा लाल ठिपका

“कॅमेरा उघडणं म्हणजे काय गं ताई! संत्रं सोलायचं. साल काढायची, फोडी मोजायच्या, साल परत लावायची!”

“साल परत लावलेलं संत्रं मी अजून पाहिलं नाही,” ताई म्हणाली.

पण असल्या शंकांना भीक घालील तो सर्जन कसला! ताईचा हा भाऊ दुरुस्तीच्या दुकानात पांढरा डगला घालून बसतो आणि पंख्यालासुद्धा ‘पेशंट’ म्हणतो, म्हणून गल्लीने त्याला हे नाव ठेवलं होतं. त्याला ते पदवीसारखं वाटे.

ताईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. अकरा वर्षं ती पक्षीमित्र मंडळाला नोंदी पाठवत होती आणि अकरा वर्षं मंडळाच्या वार्षिकात तिची नोंद शेवटच्या पानावर, ‘इतर’ या सदरात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापून येत होती. यंदा अध्यक्षांनी फोटोशिवाय नोंद घेणार नाही असा फतवा काढला. आणि नेमका तेव्हाच, सूर्यावरून जाणारी घार टिपण्याच्या नादात, तिच्या कॅमेऱ्याचा सेन्सर भाजून निघाला. नोंदींची मुदत शुक्रवारी संपत होती.

“मंगळवारी संध्याकाळी घेऊन जा,” सर्जन म्हणाला. “उड्या मारत!”

सर्जनची एक रीत होती. कुठलंही यंत्र उघडलं की तो त्याच्या स्क्रूंवर ओव्या रचायचा, आणि बंद करताना त्याच ओव्या म्हणत एकेक स्क्रू बसवायचा. कागद हरवतो, गळा कुठे हरवतो? या कॅमेऱ्याची ओवीही झकास जमली:

पहिला गं स्क्रू, बुडाशी बसला
दुसरा रुसला, पट्ट्याआड
तिसरा बारीक, नजरेचा चोर
चौथा तो थोर, झाकणाला

शेवटची ओळ म्हणून झाली की काम संपलं. त्यानंतर सर्जन त्या यंत्राकडे ढुंकूनही पाहत नसे.

सेन्सर त्याने त्याच मॉडेलच्या एका पडीक कॅमेऱ्यातून काढला. तसाच चौकोन, तशीच पट्टी, बसलाही चपखल. चौथ्या स्क्रूला शेवटचा पीळ देऊन, गाणं संपवून त्याने ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘अनोळखी सेन्सर.’

“अरे, अनोळखी कसला? तुझ्याच घरचा आहे!” सर्जनने कॅमेऱ्याला समजावलं. कॅमेरा ऐकेना. पडीक कॅमेरा दोन वर्षांनी धाकटा निघाला. त्याच्या सेन्सरची बोली निराळी, आणि ताईच्या कॅमेऱ्यातलं फर्मवेअर, म्हणजे पोटातलं शहाणपण, जुन्या वळणाचं. नव्या सुनेशी अबोला धरलेल्या सासूसारखा कॅमेरा काळा पडदा ओढून बसला.

सर्जनला फर्मवेअरचा मनापासून तिटकारा होता. त्याला स्क्रू नसतो. ज्याला स्क्रू नाही त्यावर ओवी काय रचणार? तरी त्याने कंपनीच्या साइटवरून नवं फर्मवेअर उतरवलं आणि कार्डातून कॅमेऱ्याला पाजलं. पट्टी हळूहळू भरली. पडदा उजळला. सेन्सरची ओळख पटली!

खाली आणखी एक प्रश्न आला: ‘सदोष बिंदूंचा नकाशा नव्याने तयार करायचा? होय / नंतर.’

प्रत्येक सेन्सरमध्ये जन्मतःच काही बिंदू वेडे असतात. काळोखातसुद्धा लाल नाहीतर पांढरे पेटून बसतात. कॅमेरा त्यांचा नकाशा जवळ ठेवतो आणि फोटो काढताना ते गुपचूप रफू करतो. सेन्सर बदलला, फर्मवेअर बदललं, तरी कॅमेऱ्याच्या हातात नकाशा जुन्या सेन्सरचाच होता.

पण सर्जनची चौथी ओळ म्हणून झाली होती! त्याने ‘नंतर’ दाबलं आणि डगला खुंटीला अडकवला.

बुधवारी सकाळी ताईने गच्चीवरून समोरच्या टाकीवरचं राखाडी पाखरू टिपलं. रोजचंच पाखरू, मुठीत मावेल एवढं. फोटो मोठा करून पाहिला. पाखराच्या डोक्यावर लालचुटूक ठिपका! दुसरा फोटो, ठिपका. सातवा फोटो, ठिपका!

“सर्जना, रोज पाहते रे याला! मला कसा दिसला नाही?”

“तुझ्या डोळ्यांना दिसला नसेल,” सर्जन फुशारून म्हणाला. “सेन्सर कुणी बसवलाय!”

ताईने फोटो पाठवले. अकरा वर्षांत एकदाही उत्तर न देणारे अध्यक्ष अकराव्या मिनिटाला फोनवर आले. “बाई, जागेवरून हलू नका. पाखरालाही हलू देऊ नका!”

शुक्रवारी उजाडताच अध्यक्ष चार सभासद आणि पाच दुर्बिणी घेऊन गच्चीवर हजर झाले. पाचवी दुर्बीण पहिल्या चार बिघडल्या तर. वार्षिकाचं पहिलं पान आपण राखून ठेवलं आहे, असं त्यांनी जिना चढतानाच सांगितलं. ताईचा चेहरा असा उजळला, की सर्जनला आपल्या हातांचा मुका घ्यावासा वाटला.

पाखरू आलं. राखाडी. डोकं स्वच्छ.

“ही मादी,” अध्यक्ष म्हणाले.

पाखरू उडालं, परत आलं. डोकं तसंच.

“ही दुसरी मादी.”

“मग नर कुठंय?” एका सभासदाने विचारलं.

“लाजाळू असतो,” अध्यक्ष म्हणाले. कालपर्यंत जगाला माहीत नसलेल्या पाखराचा स्वभाव त्यांना आज तोंडपाठ होता. मग ते कठड्याला रेलून उभे राहिले. “बाई, तोवर माझा एक घ्या. ऐतिहासिक प्रसंग आहे.”

ताईने फोटो घेतला. सवयीने पडद्यावर मोठा करून पाहिला. मग कॅमेरा भावाच्या हातात दिला.

अध्यक्षांच्या नाकाच्या शेंड्यावर, तिळाएवढा, लालचुटूक ठिपका होता.

ताई नेहमी डोकं फोटोच्या बरोबर मधोमध धरायची. पाखराचं असो वा अध्यक्षांचं. आणि मधोमध ते वेडे बिंदू बसले होते. सर्जनच्या डोळ्यांपुढे ‘नंतर’ हा शब्द फलकाएवढा होऊन उभा राहिला.

त्याने तिला बाजूला ओढलं. “ताई, माझंच चुकलं. नकाशा करायचा राहिला. पण दोन मिनिटांत करतो, ठिपका गायब! यांना काय कळतंय? पाखरू उडून गेलं म्हणू. फोटो आहेतच. पहिलं पान, ताई!”

ताईने समोर पाहिलं. “उडून कुठं गेलंय? ते काय, पंख साफ करत बसलंय.”

पाखरू खरंच बसलं होतं. अंगावर सकाळचं ऊन, डोक्यावर काही नाही.

ताई चार पावलं पुढे गेली. “साहेब, ठिपका पाखराचा नाही. कॅमेऱ्याचा आहे. हा बघा, तुम्हालाही आलाय.”

अध्यक्षांनी पडद्यावरचं स्वतःचं नाक बराच वेळ न्याहाळलं. “पण बाई, मी कालच सगळ्या मंडळांना कळवलंय! नवी जात सापडली म्हणून!”

“कुणाला सापडली म्हणून कळवलंत?”

अध्यक्षांनी घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. ती उलटी होती. पाच दुर्बिणी जिना उतरल्या.

सर्जन तिथेच फरशीवर मांडी घालून बसला आणि ‘होय’ दाबलं. पट्टी भरली. ताईने पाखराचा नवा फोटो काढला. स्वच्छ, राखाडी, रोजचा.

“पाचवी ओळ रचायला हवी,” तो खाली मान घालून म्हणाला.

“रच. पण आधी हे पाठव. मुदत आजच आहे.”

वार्षिक आलं तेव्हा सर्जनने थेट शेवटचं पान उघडलं. ‘इतर’ या सदरात, मुंगीएवढ्या अक्षरांत, फोटोसकट ताईची बारावी नोंद होती:

‘राखाडी पाखरू, लहान, नेहमीचे. संख्या एक. स्थळ पाण्याची टाकी. शेरा: आधी कळवलेला ठिपका माझ्या भावाचा.’