नेरच्या वावरातला पुण्याचा फ्लॅट

माणूस जमिनीवर जन्मतो, जमिनीवर रांगतो, जमिनीवरच लहानाचा मोठा होतो. पण लग्नाचं वय झालं की त्याला चौथा मजला लागतो. या नियमाला शास्त्राचा आधार नाही, मुलींच्या बापांचा आहे. कापसानं मान टाकली त्या वर्षांत तो फारच कडक झाला. त्याआधी स्थळ पाहायला आलेली मंडळी मुलाकडे वावर किती, विहिरीला पाणी किती, असं विचारायची. आता वावर आहे म्हटलं की चहा अर्धा ठेवून उठू लागली. पुण्यात फ्लॅट आहे म्हटलं की पुन्हा खाली बसायची. (पोहेही पुन्हा घ्यायची.)

नेरचे पुंडलिकराव गावंडे चौदा एकरांचे धनी आणि त्यांच्या डोक्यावर कुणाचं एका पैशाचं कर्ज नव्हतं. त्या काळात अशा शेतकऱ्याची फार पंचाईत व्हायची. लांबलांबून पत्रकार यायचे, ओसरीवर बसून हळू आवाजात 'काही त्रास?' म्हणून विचारायचे. पुंडलिकराव "मजेत हाय बाप्पा, च्या घ्या" म्हणाले की बिचारे कॅमेरा पिशवीत घालून पुढच्या गावाला निघायचे. त्यांचा वेळ फुकट गेल्याचं पुंडलिकरावांनाच वाईट वाटायचं.

त्रास होता, पण तो पेपरात छापण्यासारखा नव्हता. त्यांचा मुलगा अंकुर पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याला यवतमाळची आभा राऊत पसंत होती, आभाला तो पसंत होता, आणि पत्रिकेलाही दोघं पसंत होते. घोडं अडलं ते चौथ्या मजल्यावर. आभाचे वडील अनंतराव हे सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. चौतीस वर्षांच्या नोकरीनं त्यांची भाषा अशी घोटीव झाली होती की ते बायकोकडे मीठ मागायचे तेही संदर्भ देऊन. त्यांनी फोनवर पुंडलिकरावांना स्वच्छ कळवलं, "विषयांकित फ्लॅटचं बुकिंग पाडव्यापर्यंत झालं नाही, तर प्रस्ताव निकाली काढावा लागेल."

प्रस्ताव म्हणजे पोरांचं लग्न.

अंकुरनं पुण्याहून आकडा कळवला: नऊशे फूट, बावीस लाख. लाखांशी पुंडलिकरावांची ओळख जुजबी, क्विंटलांशी मात्र घरोबा होता. म्हणून त्यांनी सगळा हिशेब कापसात करून घेतला. पुण्याचा एक चौरस फूट म्हणजे सव्वा क्विंटल कापूस. त्यात एक पाऊल मावतं, तेही तिरपं. दोन्ही पायांवर उभं राहायचं तर अडीच क्विंटल, मांडी घालून बसायचं तर पाच. आडवं व्हायला पंधरा क्विंटल लागतात, कूस बदलायची सवय असेल तर अठरा. (घोरण्याला वेगळा आकार नाही, ही बिल्डर लोकांची माणुसकी.) त्यांच्या कोरडवाहू वावरात त्या वर्षी एकरी तीन क्विंटल पिकला होता. म्हणजे पाच एकरांतला वर्षाचा कापूस एका माणसाला पुण्यात नीट निजवू शकत होता, पण कुशीवर नाही.

"अन् सून कोठी निजंल?" त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

तरीही नऊशे फूट म्हणजे नेमकं केवढं, हे काही पुंडलिकरावांच्या डोळ्यांसमोर येईना. बैल घेताना माणूस त्याचे दात पाहतो, आणि इथं आयुष्याची कमाई घालायची तर वस्तू नजरेखालून जायलाच हवी. अमरावती रोडला लागून त्यांचा दोन एकरांचा तुकडा होता. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, वावर मोकळं पडलं होतं. पुंडलिकरावांनी चुन्याच्या फक्कीचं पोतं आणलं, सालदार गडी धरमसिंगच्या हाती टेप दिला, कानाला फोन लावला, आणि पुण्याहून अंकुर बोलेल तशी रेघ ओढवून घेतली. तीस बाय तीस. न्याहारी घेऊन आलेल्या विमलताई चारी बाजूंनी फिरल्या आणि म्हणाल्या, "चांगला हाय. आपल्या कापसाच्या खोलीपक्षा जराकसाच लहान हाय."

सगळ्यांना बरं वाटलं. आणि तेवढ्यात फोनमधून अंकुर म्हणाला, "बाबा, नऊशे हा सुपर बिल्टअप आहे. आतून सहाशे वीसच भरेल."

"मंग बाकीचे दोनशे ऐंशी कोठी गेले?"

"त्यात जिना आला, लिफ्ट आली, भिंतींची जाडी आली, वॉचमनची केबिन आली. ते आपलेच आहेत बाबा. फक्त आपल्याकडे नाहीत."

बाजारात व्यापारी 'माल ओला हाय' म्हणून क्विंटलमागे दोन किलो कापतो, हे पुंडलिकराव जन्मभर पाहत आले होते. पण नसलेला माल मोजून देता येतो आणि घेणारा हात जोडून घेतो, ही विद्या त्यांना नवीन होती. ती त्यांना मनापासून आवडली. पुढच्याच बाजाराला सत्तर किलो कापूस घेऊन जाऊन त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं की हा सुपर बिल्टअप एक क्विंटल आहे. उरलेल्या तीस किलोंत वावराचा बांध-धुरा, बैलबंडीची चाकं आणि धरमसिंगची रात्रीची जागल धरली आहे. व्यापारी माणूस दिलदार. तो पोट धरधरून हसला, स्वतःच्या पैशानं चहा पाजला आणि नेहमीचे दोन किलो कापले.

मग जुनी रेघ पायानं पुसून सहाशे विसाची नवी ओढली गेली. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि तीन फुटांची बाल्कनी. जे घ्यायचं त्याची आधी सवय असावी, म्हणून पुंडलिकरावांनी आत वावरायचे नियमही लावले. भिंतीवरून ओलांडून यायचं नाही. विमलताई सवयीनं आडव्या आल्या की ते बसल्या जागेवरून सांगत, "दरवाज्यानं ये." त्या कपाळाला हात लावून वळसा घालत आणि दरवाज्यानं येत. बैलांना मात्र नियम लागू झाले नाहीत. ते बेडरूममध्ये उभे राहून रवंथ करत, आणि फ्लॅटमध्ये तेवढंच काय ते ऐसपैस दिसत होतं.

इथवर सगळं घरच्या घरात होतं. पण वावराला लागून रस्ता, आणि रस्त्यावरून बसेस. आपल्याकडे उभी पऱ्हाटी पाहून कुणी गाडी थांबवत नाही. चुन्याची रेघ दिसली की मात्र ब्रेक आपोआप लागतो. पहिल्याच दिवशी एक मास्तर मोटरसायकल लावून आत आले. (भिंतीतून.)

"प्लॉटचा लेआऊट टाकला काय हो? अन् स्टँडपासून किती लांब हाय?"

"पावणेदोन किलोमीटर. पण लेआऊट नाई हे बावा. हा चौथा माळा हाय."

मास्तरांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि गावभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोनार आला, तिसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानाचा मालक आपल्या मेव्हण्याला घेऊन आला. प्रत्येकानं आधी स्टँडपासूनचं अंतर विचारलं आणि मग भाव. विकायचं नाही, असं पुंडलिकराव सगळ्यांना अगदी खरं खरं सांगत राहिले. त्यावरून भाव आणखी चढणार, हे लोकांनी ताडलं. चौरस फुटाला चाळीस रुपयांवरून गोष्ट आठ दिवसांत साठवर गेली. त्या दोन एकरांत आजवर कापूस, तूर, सोयाबीन, मूग सगळं पेरून झालं होतं, पण फक्कीइतकं कशानंच दिलं नव्हतं. शिवाय तिला अळी लागत नाही.

पाडव्याला चार दिवस उरले असताना अनंतराव स्वतः आले, 'प्रत्यक्ष स्थळपाहणी'ला. सोबत बायको शीलाताई आणि आभा. अंकुरही पुण्याहून आला होता. अनंतराव बांधावरून उतरून सरळ चालत आले आणि पुंडलिकराव कळवळून म्हणाले, "अनंतराव, भिंतीतून आले न तुमी!"

दुसरा कुणी असता तर चिडला असता. पण अनंतरावांचं उभं आयुष्य कुणीतरी ओढलेल्या रेघा मानण्यात गेलं होतं. ते "क्षमस्व" म्हणाले, मागे गेले, दरवाज्याशी चपला काढल्या आणि आत आले. हॉलमध्ये सतरंजी टाकली होती. सगळी मंडळी बसल्यावर शीलाताईंचे पाय स्वयंपाकघरात जात होते, म्हणून विमलताईंनी त्यांच्याच हाती पोह्यांची परात दिली. अनंतरावांनी टेप मागवून प्रत्येक खोली मोजली, वर जिथं छत असतं तिथं आकाशाकडे पाहून मान डोलावली आणि शेरा मारला, "समाधानकारक आहे."

आभा बाल्कनीत उभी होती. समोर काळीभोर जमीन विहिरीपर्यंत गेली होती. धुऱ्यावर पळस फुलला होता. वारा असा सुटला होता की तिची ओढणी शेजारच्या फ्लॅटमध्ये गेली असती.

"काका, समोरचं हे सगळं कुणाचं?"

"थे आपलंच हाय, बेटा."

"आणि हा फ्लॅट घ्यायचा म्हणजे?"

उत्तर विमलताईंनी दिलं, "थे समदं विकाचं, अन् याच्यात येऊन बसाचं."

लग्न होऊन आल्या आल्या पहिल्या उन्हाळ्यात पुंडलिकराव आणि विमलताईंनी याच तुकड्यातले दगड हातानं वेचले होते. धुऱ्यावर आजही त्याच दगडांची रास होती. जाऊन ती रेघ पायानं पुसून टाकावी असं पुंडलिकरावांना फार फार वाटलं. आभा वळून वडिलांना म्हणाली, "बाबा, राहू द्या ना फ्लॅट. भाड्याच्या घरातही संसार होतात." अंकुरनं मान हलवली. पाय पुढे टाकायला पुंडलिकरावांना आता एवढं पुरेसं होतं.

पण अनंतराव कधीचे बाल्कनीत येऊन उभे होते. त्यांच्या अंगावरून वारा गेला. येत्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते, सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच संदर्भ न देता विचारलं,

"स्टँडपासून किती लांब आहे हो हे?"

पुढचं सगळं फार आनंदात झालं. विहिरीकडचा कोपऱ्याचा प्लॉट अनंतरावांनी त्याच संध्याकाळी धरला. त्यांच्याच पैशातून पाडव्याला पुण्याचं बुकिंग झालं. म्हणजे अनंतरावांनी घातलेली अट पुंडलिकरावांनी अनंतरावांच्या पैशांनी पूर्ण केली, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांनी एकमेकांचं तोंड गोड केलं. मास्तर, सोनार, औषधवाले आणि मेव्हणा यांच्यात त्या दोन एकरांतलं बाकीचं वाटलं गेलं. जमीन बिनशेती करायचा, म्हणजे एन.ए.चा, अर्ज टाकलेला आहे. (तो तेव्हाही टाकलेला होता.) वस्तीचं नाव 'पुणे पार्क' ठेवलं. लग्नात अनंतरावांनी वावरवाल्या व्याह्यांचं सर्वांसमोर कौतुक केलं.

आता अंकुर आणि आभा पुण्याला चौथ्या मजल्यावर सुखी आहेत. आभानं तिथल्या बाल्कनीत कुंडीत कपाशीचं एक झाड लावलंय. कुंडीनं एक चौरस फूट अडवला, म्हणजे सव्वा क्विंटल, आणि बोंडं आली तीन. तिनं तीनही बोंडांचे फोटो सासूला पाठवले. विमलताईंनी ते सगळ्या गल्लीला दाखवले आणि मग एकट्याच न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आल्या.

पुंडलिकरावांनी त्यातला एकच तुकडा विकला नाही, फक्कीचा. आजूबाजूला बंगले उठले तरी मधोमध तो सहाशे वीस फूट तसाच आहे. दर पाडव्याला धरमसिंग रेघ ताजी करतो. हॉलमध्ये कपाशीच्या चार ओळी आहेत, स्वयंपाकघरात मिरची आणि वांगी. ऊन कललं की दोघं नवरा-बायको बाल्कनीत येऊन बसतात. समोर पूर्वी विहिरीपर्यंत काळी जमीन दिसायची. आता अनंतरावांच्या संडासाची खिडकी दिसते. अनंतराव खिडकीतून रोज विचारतात, "काय व्याही, हवा छान आहे ना?" आणि पुंडलिकराव म्हणतात, "लय छान हाय." विमलताई मात्र त्या वेळी मिरच्यांकडे पाहत असतात.

तर अशी ही मजा. तुम्हीही वाचता वाचता हसलात, गावंडे दांपत्याची थोडी कीव केलीत, अनंतरावांना नावं ठेवलीत, छान केलंत. पण मधेच कुठंतरी मनात आलंच ना, की साठ रुपये फूट म्हणजे तेव्हा फारच स्वस्त होतं, आता काय भाव असेल? लाजू नका, सगळेच विचारतात. स्टँडपासून पावणेदोन किलोमीटर. बाकी सगळं गेलं, एकच शिल्लक आहे, मधोमधचा, सहाशे वीस फुटांचा. त्यात सध्या दोघं जण बसलेले असतात, पण तुम्ही विचारून बघा.

फक्त येताना तेवढं दरवाज्यानं या.