अपांच्या लगोऱ्या

मारीबेलने ठरवलं, की उद्या टेकड्यांवर अपांना येऊ द्यायचं नाही. ठरवलं आणि जेवणाच्या टेबलावर जाहीरही करून टाकलं. (तिच्या डोक्यात आलेली गोष्ट तिथे मुक्काम करत नसे.)

"अपा, उद्या नायबर्ग मंडळींना फिरायला मी नेणार. तुम्ही घरी थांबायचं."

"घरी थांबून मी काय करू?"

"अमाला टॉर्टिया भाजू लागा."

अमाने, म्हणजे मारीबेलच्या आईने, वर न बघताच सांगितलं, "मला नकोत ते स्वयंपाकघरात."

नायबर्ग मंडळी म्हणजे कॉलिनचे आईवडील. मुलाने निवडलेल्या मुलीचं घर बघायला मिनेसोटाच्या थंडीतून थेट वाळवंटातल्या टूसॉनच्या मे महिन्यात उतरलेले, आणि राहायला इथेच, पाहुण्यांच्या खोलीत. सगळं सुरळीत पार पडलं तर रविवारी साखरपुडा. आणि सुरळीत पार पडण्याच्या आड मारीबेलला एकच माणूस दिसत होता, तिचा बाप.

अपांनी जन्मभर शहराची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर बस सुटली, पण थांबे सुटले नाहीत. टेकड्यांमधल्या पायवाटांवरही ते मागच्यांना ओरडून सांगत, "पुढचा थांबा, वाकडा सग्वारो! उतरणाऱ्यांनी पुढे या!" (सग्वारो म्हणजे इथला झाडाएवढा उंच निवडुंग.) मोबाइलच्या नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. अशा माणसाच्या मागून निवृत्त गणित शिक्षक नायबर्गसाहेब चालताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मारीबेलला घाम फुटे.

"आणि अजून एक," ती म्हणाली, "लग्नात चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत मी एकटी चालणार. रीत असेल, पण मला वडिलांनी हाताला धरून पोचवायची गरज नाही. मी काही पार्सल नाही."

अपांनी पुढची टॉर्टिया उचलली आणि मग बराच वेळ ती नुसतीच हातात धरून बसले.

तर ही मारीबेल कॉलेज संपल्यापासून पायवाटा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांत होती. तिथे तिला शिकवलं होतं, की हौशी लोक वाटेवर दगडांच्या लगोऱ्या रचून ठेवतात, त्या बघून नवखी माणसं भलतीकडे जातात, शिवाय दगड उचलले की पालीसरडे बेघर होतात. दिसली लगोरी की पाडा. इतकं मनाजोगतं काम तिला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. त्याच दिवशी सकाळी कोरड्या ओढ्यातल्या आडवाटेवरच्या झाडून सगळ्या लगोऱ्या तिने लाथेने उडवल्या होत्या, आणि कॉलिनने कौतुकाने त्याचा व्हिडिओ काढला होता.

शनिवारी उजाडता उजाडता ती बूट चढवून बाहेर आली, तर नायबर्गबाई एकट्याच कॉफी पीत होत्या. खुंटीवर अपांची टोपी नव्हती.

"दोघं अंधारातच गेले," अमा म्हणाली. "ऊन तापायच्या आत परत येतो म्हणालेत."

ऊन तापलं. मग चांगलंच तापलं. नायबर्गबाई दर थोड्या वेळाने खिडकीतून बघत आणि "छान ऊन आहे हो तुमच्याकडे," असं म्हणत. त्यांचा आवाज दर खेपेला थोडा बारीक होत होता. शेवटी मारीबेल कॉलिनला आणि पाण्याच्या कॅनला ओढत निघाली. जाताना मनातल्या मनात तिने साखरपुडा दोनदा मोडून घेतला.

ते सापडले कोरड्या ओढ्यात. नायबर्गसाहेब एका पालोव्हेर्दे झाडाला मिठी मारून वाकून उभे होते, आणि अपा त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसले होते.

"अपा! काय करताय तुम्ही?"

"विंचरतोय."

चोया निवडुंगाचा काटेरी गोळा नायबर्गसाहेबांच्या विजारीला मागून घट्ट चिकटला होता. तो हाताने काढायला जाल तर हातालाच चिकटतो, म्हणून इथला प्रत्येक शहाणा माणूस खिशात कंगवा घेऊन हिंडतो.

"यांनी कंगवा पुढे केला," पूर्ण टक्कल असलेले नायबर्गसाहेब झाडाशी बोलल्यासारखे म्हणाले, "तेव्हा मी सांगितलं, आभारी आहे, पण मला त्याचा उपयोग नाही."

"उपयोग बरोबर उलट्या टोकाला होता," अपा म्हणाले आणि कंगव्याने गोळा उडवला. नायबर्गसाहेबांनी मिनेसोटात वापरत नसलेला एक शब्द वापरला.

मारीबेल उसळली. "बघितलंत? वाट चुकलात ना?"

"मी चुकलो नाही. वाटच चोरीला गेली. माझ्या लगोऱ्या होत्या इथे."

"तुमच्या?"

"मग! तुझ्या आईचा गुडघा चढाला दुखतो. मी पुढे जातो, ती मागून सावकाश येते. तिला चढ लागू नये म्हणून ओढ्यातली ही सपाट वाट दगड रचून दाखवली होती. कुण्या हलकटाने एकूण एक पाडल्या."

मारीबेलने कॅन तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायलं. (त्याला ऊन कारण नव्हतं.)

"अरेच्चा!" कॉलिन आनंदाने म्हणाला. "त्या तर मारीबेलने..."

मारीबेलने त्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर व्हिडिओ सुरू झाला होता. त्यात ती कंबरेवर हात ठेवून म्हणत होती, "हे कुण्यातरी रिकामटेकड्या म्हाताऱ्याचं काम! घे, म्हाताऱ्या!" आणि मग लाथ.

नायबर्गसाहेबांनी चष्मा पुसला आणि विनंती केली, "पुन्हा एकदा दाखव."

"चला, मी नेते सगळ्यांना," मारीबेल घाईघाईने म्हणाली. तिने मोबाइल काढला. तापून बंद पडला होता, आणि व्हिडिओ दाखवून दाखवून कॉलिनचाही. "हरकत नाही, मला पाठ आहे. इकडून!" ती तरातरा पुढे निघाली, मंडळी मागून. बरीच पायपीट झाल्यावर एक ओळखीचं झाड लागलं. त्याच्या बुंध्याशी चोयाचा एक ओळखीचा गोळा पडला होता.

"अपा," ती शेवटी जमिनीकडे बघत म्हणाली, "तुम्हीच न्या."

अपांनी ओढ्याच्या वळणावर जाऊन एका मोठ्या खडकामागे डोकावलं. तिथे एक लगोरी शाबूत होती. मारीबेलच्या नजरेतून सुटलेली. ती बघून त्यांनी दिशा घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी दिली, "पुढचा थांबा, वाकडा सग्वारो!"

"थांबा, माझं तिकीट राहिलंय!" मागून नायबर्गसाहेब ओरडले.

घरी पोचल्यावर अमाने सगळी हकिगत ऐकली, गुडघा चोळला आणि मुलीच्या ताटात बीन्स वाढताना डाव जरा जोरातच आपटला. जेवणं झाली. नायबर्गसाहेब (उभ्यानेच जेवले होते) बायकोकडे बघून खाकरले.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले. "आमचा कॉलिन स्वतःहून काही ठरवतच नाही. हिचं ठरवून, जाहीर करून, पाडूनसुद्धा झालेलं असतं. फक्त एक अट आहे."

"कोणती?"

"लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत तुला अपांनी आणायचं. तू एकटी निघालीस तर फिरून फिरून दारातच येशील, आणि आमचं परतीचं विमान सुटेल."