कडीच्या डब्याचा पाठलाग

मुंबईच्या उपनगरांत गुप्तहेर पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक नवऱ्यांच्या मागावर असतात. सत्याच्या मागावर असलेला मी एकटाच. माझी नजर तीक्ष्ण आहे (मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर फारच), स्मरणशक्ती अफाट आहे आणि नम्रतेच्या बाबतीत माझा हात धरणारा निदान बोरीवलीत तरी कोणी नाही. माझ्या कार्डावर ‘सीताराम तळगावकर, सल्लागार गुप्तहेर (निवृत्त)’ असं छापलं आहे. कंसातला शब्द ही छापखान्याची आगळीक. निवृत्त मी वजनमापे खात्यातून झालो. तिथे तीस वर्षं तराजू तपासले, आता माणसं तपासतो.

माझी सहायक म्हणजे माझी पत्नी उत्तरा. हे पद स्वीकारल्याचं तिने अजून कबूल केलेलं नाही.

याशिवाय आमच्या सद्भाव सोसायटीचा मी अकरा वर्षं मानद सचिव आहे. समिती ठरवते, मी सही करतो. कागद इतके येतात की वाचत बसलो तर सह्या कधी करायच्या? आमचं मूळ मालवणचं, त्यामुळे रविवारी घरात मासे तळले जातात. पण दारं-खिडक्या लावून आणि चार उदबत्त्या पेटवून. इमारतीत कोणाला काही सांगायचं नाही, एवढंच. गोपनीयता आमच्या धंद्याचा पायाच आहे.

तर एका शनिवारी दारावरची माझी पाटी वाचून एक जोडपं आत आलं.

“बोलू नका,” मी म्हणालो. “मीच सांगतो. तुम्ही ड्रायव्हर आहात. आणि बाई सारख्या कमरेला हात लावतायत, म्हणजे पाठीचं जुनं दुखणं.”

“मी डायलिसिस टेक्निशियन आहे, सर,” तो म्हणाला.

“आणि तिला सातवा लागलाय,” उत्तरा म्हणाली. “बस गं तू, पंख्याखाली बस.”

एकंदरीत मी फारसा चुकलो नव्हतो. त्याचं नाव प्रबुद्ध वानखडे, आईवडील वाशीमचे. तिचं नाव सिंथिया, गोराईच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली, बालवाडीत शिकवणारी. तीन महिन्यांत त्यांचा भाडेकरार संपत होता आणि बाळही तेव्हाच यायचं होतं. नऊ सोसायट्यांनी नकार दिला होता.

“माझं नाव सांगितलं की आडनाव विचारतात,” प्रबुद्ध म्हणाला. “हिचं सांगितलं की विचारायचंच थांबतात. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती असणार आणि क्रूसही असणार. कोणी म्हणतं नॉनव्हेज नको, कोणी म्हणतं फ्लॅट कालच गेला. आणि तो कालच गेलेला फ्लॅट महिनाभर तसाच असतो.”

“काका, आपल्याला मोठं काही नको,” सिंथिया म्हणाली. “पोर जिन्यात खेळायला गेलं तर त्याला कोणी आधी आडनाव विचारू नये, बस. अशी एक बिल्डिंग शोधून द्या ना.” मग वर बघत ती म्हणाली, “तुमच्या इथला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट गेला का हो?”

“नाही, रिकामाच आहे,” मी म्हणालो, आणि मनात नोंद केली की बाईंना मजले मोजायची सवय आहे. प्रबुद्धने नकारांच्या पत्रांची फाइल पुढे केली. मी ती हातानेच थांबवली.

“पुरावे आधी पाहिले की तर्क बिघडतो. ही माझी पद्धत आहे.”

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या पद्धतीने माणसं थक्क होतात, हे मला नवीन नाही. उत्तराने फाइल उचलून मिक्सरखाली ठेवली, कारण तो एका बाजूला डुगडुगत होता.

दुसऱ्याच दिवशी मी दिंडोशीला एका इमारतीच्या दारात उभा होतो आणि माझं काळीज आनंदाने धडधडत होतं. पाटीवर देसाई, शेख, परेरा, कांबळे, रेड्डी आणि सिंग, सगळे एकाखाली एक! मी तिथूनच प्रबुद्धला फोन लावला. “सामान बांधायला घ्या. अवघा देश एका पाटीवर आहे.”

“सर, नावांच्या पुढे काही लिहिलंय का?”

लिहिलं होतं. कान-नाक-घसा, त्वचारोग, हाडं. तो दवाखान्याचा बोर्ड होता. वरच्या मजल्यांवर घरं होती, पण तिथल्या सचिवांनी मला विचारलेला पहिला प्रश्न आडनावाचाच होता. मी ‘तळगावकर’ म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. चहा चांगला होता.

मग मी वासाची पद्धत अवलंबली. दुपारी साडेबाराला जिन्यात उभं राहायचं आणि फोडण्या मोजायच्या. जितक्या तऱ्हेच्या फोडण्या, तितक्या तऱ्हेची माणसं. मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर नाक वर करून डोळे मिटले असताना कोणीतरी ओरडलं की गॅस गळतोय. दहा मिनिटांत अख्खी इमारत पटांगणात उतरली आणि मला गॅसवाला समजून पाईप दाखवायला लागली. मी पाईप तपासला. गळत नव्हता.

असे दोन महिने गेले. सिंथियाचे पाय सुजायला लागले होते. प्रबुद्ध फोनवर काही बोलायचा नाही, फक्त “बरं सर” म्हणायचा, आणि त्याचं ते “बरं सर” ऐकून मला जेवण जाईना. उत्तराने मासे तळले तरी जेमतेम तीन तुकडे गेले.

शेवटी जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांच्या अलीकडच्या गल्लीत, एका चार मजली जुन्या इमारतीत मला खरा गुन्हा सापडला. फ्लॅट भाड्याने होता म्हणून मी पाळत ठेवली आणि पहिल्याच दिवशी पाहिलं की तळमजल्यावरच्या एका बाईने स्टीलचा कडीचा डबा पहिल्या मजल्यावर दिला. दुसऱ्या दिवशी तोच डबा तिथून चौथ्या मजल्यावर गेला. तिसऱ्या दिवशी चौथ्यावरून दुसऱ्यावर. देणारा इकडेतिकडे न बघता देतो, घेणारा काही न विचारता घेतो. मी हळूच जवळ जाऊन डब्यावर कोरलेलं नाव वाचलं. ‘राधा पाटकर, ३-५-९८’. वॉचमनला विचारलं. राधा पाटकर नावाचं कोणी तिथे राहतच नव्हतं.

“टोळी आहे,” मी घरी येऊन जाहीर केलं. “चोवीस घरं, एक डबा, आणि मालकीण बेपत्ता. नाव पाटकरबाईंचं, धंदा दुसऱ्यांचा. आत पावडर असणार नाहीतर सोन्याची बिस्किटं.”

“कडीच्या डब्यात?” उत्तराने विचारलं.

“कोणाला संशय येणार नाही, म्हणूनच.”

“त्या दोघांना तुम्ही घर शोधून देणार होतात. पंधरा दिवस राहिलेत.”

पण टोळी असलेल्या इमारतीत मी अशिलांना कसा पाठवणार? तरी उत्तराने परस्पर फोन केला आणि फ्लॅट बघायला ती दोघं आली. मी म्हटलं, आता त्यांच्या डोळ्यांदेखतच पर्दाफाश करू. जिन्यात दबा धरून बसलो. तळमजल्यावरच्या बाई डबा घेऊन निघाल्या तशी मी झेप घेतली, डबा हिसकला आणि कडी काढली.

आत वांग्याची भाजी होती. तीही गरम, कारण थोडी माझ्या मनगटावर सांडली.

“अहो काका,” बाई म्हणाल्या. त्यांचं नाव नीलम, शिवणकाम करायच्या. “भूक लागली होती तर बेल मारायची ना! जिन्यात काय खेचाखेची?”

“ही राधा पाटकर कुठे आहे?” मी गरजलो.

“ती गेली पुण्याला, पंधरा वर्षं झाली. तुम्ही तिचे कोण?”

सिंथिया पायरीवर टेकली होती. ती हसायला लागली, इतकी की प्रबुद्धने तिचा हात धरला. “काका, त्या बाई जाताना कोणाला तरी काही देऊन गेल्या असणार ह्या डब्यातून. आता रिकामा डबा कोण परत देईल? त्यांनी भरला. भरेपर्यंत बाई गेल्या. मग भरलेला डबा शेजारी दिला. शेजाऱ्यांनापण रिकामा देता येईना.”

“हां, तेच तर झालं,” नीलम म्हणाली. “पंधरा वर्षं फिरतोय. बंद करायचा तर कोणीतरी रिकामा द्यायला पाहिजे, आणि तसं द्यायला कोण तयार होतंय? कोणाकडून शिरखुर्मा येतो, कोणाकडून पायसम. परवा चौथ्या मजल्यावरून बिर्याणी आली, ती तर मी कोणाला दाखवलीच नाही.” मग तिने त्या दोघांना नीट पाहिलं. “तुम्ही वरच्या फ्लॅटसाठी आलात ना? एक गोष्ट विचारायची आहे, राग मानू नका.”

प्रबुद्धचा चेहरा पडला. आडनावासाठी त्याने तोंडही उघडलं होतं.

“तिखट कितपत चालतं? हिला आता जपायला पाहिजे, म्हणून विचारते.”

प्रबुद्ध जिन्यातच खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी मनगटावर फुंकर मारत होतो. आठवड्याभरात ती दोघं तिथे राहायला गेली आणि मी वहीत लिहिलं : ‘प्रकरण मी सोडवले.’

दीड महिन्याने मी घरी नसताना प्रबुद्ध येऊन तोच कडीचा डबा देऊन गेला. मुलगी झाली होती. आत खोबऱ्याच्या वड्या होत्या. आमच्या घरी येईपर्यंत तो डबा म्हणे कधी त्या इमारतीबाहेर पडलाच नव्हता.

“आता रिकामा द्यायचा नाही,” उत्तरा म्हणाली. “आणि त्यांची फाइलपण राहिलीय, ती देऊन टाका.” तिने मिक्सर उचलला, फाइल काढून पुसली आणि चाळता चाळता थांबली. मग तिने पाचवं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि चष्माही दिला.

‘आपल्या अर्जाचा समितीने सहानुभूतीने विचार केला. तथापि आपल्या कुटुंबास येथे अवघडल्यासारखे वाटू नये, या सद्हेतूने आम्ही दिलगीर आहोत.’ खाली शिक्का होता, सद्भाव सोसायटी. त्याखाली सी. तळगावकर, मानद सचिव. सही माझीच होती. तीस वर्षं तराजूंच्या दाखल्यांवर करत आलोय ती.

“सापडला का गुन्हेगार?” उत्तराने विचारलं.

मला लाज वाटली. ती झाकायला एकही तर्क सुचेना. सिंथियाने त्या दिवशी तिसरा मजला कशाला विचारला, ते आत्ता कळलं.

उत्तराने सुरमई काढली, हळद-तिखट लावलं आणि तवा ठेवला. मी सवयीने खिडकी लावायला उठलो.

“बसा,” ती म्हणाली. “आज उघडी राहू दे.”

डबा घेऊन मी जोगेश्वरीला गेलो. रिक्षात एकच वाक्य घोकत होतो. प्रबुद्धने दार उघडलं तसं मी उंबऱ्यावरूनच म्हणालो, “ती सही माझी होती.”

“माहीत आहे, सर. पत्रावर नाव होतं, दारावर पाटी होती.”

“मग माझ्याकडे आलात कशाला?”

“हिला बघायचं होतं तुम्ही कसे दिसता,” प्रबुद्ध म्हणाला. “आणि मला वाटलं, आम्हाला समोर बघून तुम्हाला आठवेल. आमचा अर्ज तुम्ही वाचला असेल ना.”

“वाचला नव्हता,” मी म्हणालो. खोटं बोलता आलं असतं, पण वाचून नकार देणं बरं की न वाचता, तेच मला ठरवता येईना.

बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या सिंथियाने मला आत येऊन बसायची खूण केली. मग म्हणाली, “तिसरा मजला अजून रिकामा आहे ना? पुढचं कोणी आलं तर निदान बोलवून बघा त्यांना. उत्तराकाकींना सांगा, पंख्याखाली बसवतील.” तिने हात पुढे केला. “आणा डबा.”

तिने कडी काढली आणि सुरमईचा वास घरभर झाला, मग दारातून बाहेर जिन्यात गेला. खालून नीलमचा आवाज आला, “कोणाकडे गं सुरमई?”

मी दचकून उठलो. “दार लावू का?”

“कशाला?” सिंथियाने विचारलं.