काका आणि चाकांवरचा फ्रिज

सोसायटीत कोणाचीही गाडी सुरू झाली की आमच्या शेजारचे गांगुर्डे काका खिडकीतून ओरडतात, "जोशी, इंजिनातलं टॅपेट वाजतंय! दाखवून घ्या!" अंबडच्या एका मोटार कंपनीत त्यांनी तीस वर्षं इंजिनं जुळवली. माणसाचा चेहरा विसरतील, इंजिनाचा आवाज नाही.

इलेक्ट्रिक गाडीचं नाव काढलं की म्हणत, "ती कसली गाडी? चाकांवरचा फ्रिज हो तो!"

त्यांचे साहेब लोकही इतकी वर्षं हेच म्हणत होते, फक्त इंग्रजीत. मग नव्या कंपन्यांच्या स्वस्त विजेच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आणि साहेबांना आठवडाभरात पर्यावरणाचा पुळका आला. नवी गाडी घडवायला सवड कोणाला? जुन्याच मॉडेलमधलं इंजिन काढलं, बॅटऱ्या कोंबल्या, दारावर हिरवं पान चिकटवलं. डिकीत भाजीची पिशवी मावेना. किंमत कमी दिसावी म्हणून बॅटरी वेगळी, भाड्याने.

"म्हैस स्वस्त, कास भाड्यानं!" काका म्हणाले.

गाडीच्या पूजेला मोठ्या साहेबांनी कौतुकानं विचारलं, "काय गांगुर्डे, कशी वाटली?"

काकांनी बॉनेट उघडून आत पाहिलं. "बॉडी इथंच आहे साहेब. जीव कुठं नेला?"

दुसऱ्याच दिवशी त्यांची बॅटरी विभागात बदली झाली. तिथं भिंतीवर पाटी होती: हात लावू नये. "तीस वर्षं हातावर पोट भरलं आणि आता म्हणे हात लावू नये," असं ते महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

आणि एका रविवारी पार्किंगमध्ये तीच हिरव्या पानाची गाडी उभी. मालक, गांगुर्डे! आम्ही सगळे सूड उगवायला खाली जमलो.

"काय काका, फ्रिज घेतला?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. वर गेले आणि काकूंना दंडाला धरून एकेक पायरी खाली घेऊन आले. मणक्याच्या ऑपरेशननंतर काकू दवाखान्याशिवाय कुठेच गेल्या नव्हत्या.

"हिला कळवणला बहिणीकडे जायचंय," काका चोरी कबूल केल्यासारखे पुटपुटले. "इंजिनाची थरथर सोसत नाही. दवाखान्यात जाता-येता पाच गाड्यांत बसवून पाहिली. या एकाच गाडीत ही कण्हली नाही."

मागच्या सीटवर उशा रचून त्यांनी काकूंना बसवलं आणि गाडी काढली. फाटकाजवळच्या गतिरोधकाआधी ती थांबली. काकांनी मागे वळून पाहिलं. काकूंनी मान हलवली. मग पुढची चाकं चढली, उतरली. गाडी पुन्हा थांबली. काकांनी पुन्हा मागे वळून पाहिलं.