न संपणारा डबा

स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून डॉक्टरांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला. काटा आपल्या म्हणण्यावर ठाम होता: दोन किलो पाचशे सत्तर ग्रॅम. बारा आठवडे रोज तीस ग्रॅम पावडर या डब्यातून गेली होती. आज शेवटच्या दिवशी तळाशी जेमतेम मूठभर उरायला हवी होती आणि डबा बघावा तर काठोकाठ!

हे डॉक्टर म्हणजे गोळ्या देणारे नव्हेत. खाल्लेल्या अन्नाचं स्नायू काय करतात, यावर त्यांनी आयुष्याची वीस वर्षं घातली होती. व्यायामाविना पायांत बळ आणणारी पावडर त्यांनी बनवली, चाळीस जणांना दिली, आणि एकोणचाळीस जणांना काडीचा फरक पडला नाही. चाळिसावे मात्र तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमनकाका. पूर्वी खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायचे, आता हात न लावता वीसदा उठत होते. सोमवारी समिती बसणार होती. काकांचे पाय दाखवले तर संशोधन चालू, नाहीतर प्रयोगशाळेला टाळं.

प्रयोगशाळेत आकडे सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. "सर, काकांच्या डब्याचं वजन?"

"भरलेलाच आहे हो!"

"ओल धरली असेल. वाळवून मोजा."

डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली, पावडर पसरली आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून खटकन चालू केला. हुशार माणसांना ही अशी अक्कल सुचते. क्षणात घर पांढरं झालं आणि समोर पेपर वाचत बसलेल्या सासूबाई भुवयांसकट रंगल्या.

"जावईबापू! हे काय चालवलंय?"

"आई, ही पावडर कमीच होत नाहीये!"

"होईल कशी? रोज दुपारी परत येते की!"

डॉक्टरांच्या हातातला ड्रायर तसाच घोंघावत राहिला.

"रोज सकाळी तुम्ही काकांच्या कडीला पुडी अडकवता ना? ते दुपारी आणून देतात, मी डब्यात ओतते. चांगली वस्तू टाकायची कशाला?"

"मला सांगितलं का नाहीत?"

"काका म्हणाले, डॉक्टरांचं मन मोडू नका. आणि तुम्ही सकाळी गडबडीत, संध्याकाळी कागदांत. डब्यात हात घालतानासुद्धा तुमचं लक्ष नसतं!"

डॉक्टर तसेच लिफ्टने खाली धावले. काकांनी चटकन उठून दार उघडलं.

"काका, पुडी एकदाही घेतली नाहीत?"

काका ओशाळले. "पहिल्या दिवशी घेतली. खडू खाल्ल्यासारखं वाटलं हो."

"मग रोज तक्त्यावर सही कसली करत होतात?"

"पुडी मिळाल्याची. मिळत तर होती!"

"फेकून तरी द्यायची!"

"छे छे! चौतीस वर्षं टपाल वाटलंय मी. घेणाऱ्याला नको असेल तर ते पाठवणाऱ्याच्या दारात परत पोचवायचं. फेकायचं म्हणजे काय!"

"अहो, मग पायांत ताकद आली कुठून?"

"मीही तुमच्या सासूबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, जावयाच्या हाताला गुण आहे."

डॉक्टरांना रडूच कोसळायचं बाकी होतं. ते माघारी वळले, तर लिफ्टमध्ये कुणीतरी आडवं कपाट घुसवून ठेवलेलं.

"जिन्याने जा," काका म्हणाले. "एकदा दोन तास अडकलो, तेव्हापासून मी त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही."

दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांचा घसा सुकला. तिसऱ्यावर कठडा धरून ते मटकन खाली बसले आणि तिथेच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. चार मजले. रोज. बारा आठवडे! तेवढ्यात फोन वाजला.

"सर, वजन किती लिहू?"

"बाई... खरं ते लिहा. काकांनी... पावडर घेतलीच नाही."

"अगंबाई! सर, प्रयोगशाळा जाईल! मग पाय कशाने सुधारले?"

"परत करायला... वर येत होते. जिन्याने."

खालून जिन्यावर चपला वाजल्या. बघता बघता काका डॉक्टरांच्या बाजूने वर निघालेसुद्धा, हातात पुडी.

"जरा सरका, डॉक्टर. आजची परत द्यायची राहिलीय." मग थांबून त्यांनी वाकून पाहिलं. "दम लागला का? द्या हात."

डॉक्टरांनी हात दिला. सत्तरीच्या काकांनी चाळिशीतल्या शास्त्रज्ञाला एका हिसक्यात उभं केलं. डॉक्टर त्या हाताकडे, मग त्या पायांकडे बघत राहिले.

"बाई," ते फोनमध्ये म्हणाले, "सोमवारची सभा कितव्या मजल्यावर आहे?"

"सातव्या. का हो, सर?"

"काकांना घेऊन येतो. समितीला खाली थांबायला सांगा. आणि म्हणावं, लिफ्टने जायचं नाही."