कलपाऐवजी गाळ

पेन्शनर मंडळाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी दहा वर्षांनी तरुण दिसायचं म्हणून नरहरपंतांनी सकाळी डोक्याला कलप फासला. तो कलप नव्हता, तलावातला गाळ होता.

घोळ वाट्यांचा झाला. त्यांची लेक मिताली लोहाऱ्यापलीकडच्या तांड्यावरच्या तलावावर पीएचडी करत होती. तिच्या गाळाची वाटी आणि पंतांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी कालवलेल्या कलपाची वाटी मोरीवर शेजारी शेजारी होत्या. दोन्ही काळ्याकुट्ट.

"बाबा, माझा नमुना कुठंय? आज नागपूरला पाठवायचाय!"

"माझ्या डोक्यावर," पंत आतून ओरडले. "आणि निघत नाहीये!"

गाळ सुटावा म्हणून रत्नप्रभाबाईंनी अर्धी बाटली चमेलीचं तेल ओतलं. गाळानं तेलही पिऊन टाकलं. वर तांब्यानं पाणी ओतलं, ते खालच्या बादलीत जवळजवळ स्वच्छच आलं.

"अगं आई, गाळात कोळशाचे, काजळीचे कण आहेत. ते तेलकट पदार्थ धरून ठेवतात. शेतातलं फवारणीचं औषधसुद्धा."

"म्हणजे यांना असंच सभेला पाठवू?"

तेवढ्यात त्याच तांड्यावरची हंसाबाई भाजी घेऊन आली. टॉवेल गुंडाळलेले पंत समोरच उभे. तिनं वाकून वास घेतला.

"हा तं आमच्या तलावाचा गाळ व्हय! साहेब, कायले पडले तुमी तलावात?"

मितालीनं सगळं सांगितलं. हंसाबाई बादलीत बघत राहिली.

"म्हंजे पाणी साफ दिसते, अन् जहर खाली गाळात बसून राह्यलं? म्हशी उतरल्या का थो गाळ वर येते, अन् पोटात जाते?"

"हेच तर मी तीनदा येऊन सांगितलं!"

"तू फळ्यावर सांगतलं ना बाई. सारे झोपले व्हते." हंसाबाईनं टोपली उचलली. "साहेब, डोकं धुऊ नका. चला!"

असल्या डोक्यानं सभेला जाता येणारच नव्हतं, म्हणून चार वाजता, सभेच्या वेळी, पंत तांड्यावरच्या पारावर मान खाली घालून बसले होते. मिताली डोक्यावर तेल ओतत होती, मग पाणी, मग पुन्हा तेल. कुणीही झोपलं नाही. दोघांनी तर बोटानं गाळ खरवडून पाहिला. म्हशी तलावात न्यायच्या नाहीत, असं तिथंच ठरलं. मितालीनं तलावातून नवा नमुनाही घेतला. तिकडे मंडळात दुसराच अध्यक्ष झाला, हे पंतांना फोनवर कळलं.

ते हिरमुसून निघाले, तसा हंसाबाईचा नवरा रामलाल मागून धावत आला.

"साहेब, येत्या बुधवारी माह्या सासऱ्याच्या तांड्यावर याल काय? त्यायचाबी तलाव हाये. गाळ, तेल, पाणी सारं आमचं. तुमी फक्त डोकं आणजा."